शिखरावरून पहिला संपर्क करताना

हॅम (हौशी) रेडिओचा परवाना हातात आहे असं धरून, शिखरांवरून रेडिओ संपर्क साधायच्या सोटा (समिट्स ऑन द एअर) या उपक्रमाबद्दल सांगतो. पाच वॅट पुरतील का, ही शंका आधी मनातून काढून टाका. शंभरावरून पाचवर आलात तरी समोरच्याच्या मीटरवर साधारण दोनच एस-युनिट (संकेताची ताकद मोजायचं माप) कमी दिसतात. शिवाय वर विजेच्या तारांची खरखर नसते, त्यामुळे क्षीण हाकही स्पष्ट ऐकू येते.

खरी मेहनत घ्या ती अँटेनावर. 20 मीटर बँडसाठी अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे सुमारे 10 मीटर तार, टोकाला जुळणीचा ट्रान्सफॉर्मर आणि फायबरग्लासचा घडीचा दांडा, बस्स. कार्बनचा दांडा नको, त्यातून वीज वाहते. निघण्याआधी मैदानात दोन-तीनदा उभारून एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली ते सांगणारं माप) बघा. वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी वर गाठी सुटत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- बँड शांत वाटला की थेट हाक देतात. आधी ऐका, वारंवारता मोकळी आहे का विचारा.
- आपण हवेत आहोत हे कुणाला कळवतच नाहीत. सोटावॉच या संकेतस्थळावर नोंद टाका, ऐकणारे तिथंच डोळे लावून असतात.
- अगदी टोकावरच बसतात. सोटाच्या नियमात माथ्यापासून उभ्या 25 मीटरपर्यंत खाली चालतं. आडोसा बघा.

सोटाचे गुण मिळायला चार वेगवेगळी स्टेशनं लागतात. मोर्स नंतर बघू. ढग गडगडले तर मात्र चौथ्या संपर्कासाठी थांबू नका, दांडा आवरून लगेच उतरा.