जठराचा कर्करोग आणि ‘व्हीईजीएफ’चा आकडा

प्रश्न : जठराच्या कर्करोगामुळे माझ्या वडिलांचे पूर्ण जठर काढावे लागले, केमोथेरपीही संपली आहे. रक्तातील ‘व्हीईजीएफ’ या वृद्धिघटकावरून रोग परतला का ते कळते, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यामुळे आम्ही ती तपासणी करून घेतली. आकडा जास्त आला आणि घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले आहे. ही तपासणी वरचेवर करावी का? मीही करून घ्यावी का?
— एक वाचक, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर : केवळ या आकड्यावरून रोग परतला असा निष्कर्ष कृपया काढू नका. कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचे तर स्वतःचा रक्तपुरवठा उभारावा लागतो, हा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारा व्हीईजीएफ त्या प्रक्रियेतला एक प्रमुख घटक ठरला. जठराच्या कर्करोगात, विशेषतः तो पसरलेला असताना, अनेक रुग्णांच्या रक्तात त्याची पातळी वाढलेली आढळते, हे खरेच आहे. मात्र जखम भरताना, संधिवातात किंवा अन्य दाहातही तोच वाढतो. उलट गाठ लहान असेल तर तो सामान्यही राहू शकतो.

आपल्या अहवालात नमुना सीरमचा होता की प्लाझ्माचा, हे आधी पाहा. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव; त्यासाठी लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि गोठताना प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) आपल्यात साठवलेला व्हीईजीएफ बाहेर सोडतात. प्लाझ्मा म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव; त्यासाठीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए हे रसायन असते, म्हणून एकाच वेळी काढलेल्या रक्तातही सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा बराच जास्त येतो. त्यातच जठर काढल्यानंतर लोह नीट शोषले जात नाही, लोह कमी पडले की प्लेटलेट्स वाढू शकतात, आणि प्लेटलेट्स वाढल्या की सीरममधला आकडाही चढतो. वडिलांचे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि प्लेटलेट्स तपासल्याशिवाय या अहवालाचा अर्थ लावता येणार नाही.

व्हीईजीएफचा मार्ग अडवणारे रामुसिरुमॅब हे औषध पुढच्या टप्प्यातील जठराच्या कर्करोगासाठी अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झाले. पण ते कोणाला द्यायचे हेसुद्धा रक्तातील या पातळीवरून ठरवत नाहीत. ज्या तपासणीने उपचारात काहीच बदलत नाही, ती वरचेवर करून घरच्यांनी घोर लावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच खर्च डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी सीटी स्कॅनवर करावा. वजन घटणे, गिळताना अडकणे, उलट्या किंवा काळे शौच यांपैकी काही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. जठर नसल्याने बी-12 अन्नातून पुरेसे शोषले जात नाही, त्यामुळे त्याची इंजेक्शने आयुष्यभर चुकवू नयेत.

आपण स्वतः ही तपासणी करू नये. त्याऐवजी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून करून घ्यावी. जठराच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांनी संसर्ग आढळल्यास औषधे पूर्ण घेतल्याने धोका कमी होतो. आपल्याला एंडोस्कोपीची गरज आहे का, हेही पोटविकारतज्ज्ञांना त्याच भेटीत विचारावे.