स्कॉटिश-आयरिश पूर्वजांचा शोध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची जुनी दप्तरे एकाच पद्धतीने ठेवलेली असावीत, असे गृहीत धरून लिहिलेली पत्रे सतत येत असतात. वस्तुतः दोन्हीकडची नोंदणी वेगळी आहे आणि दप्तरांचे नुकसानही वेगळे झाले आहे, म्हणून या वेळी अशाच पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : जावई ग्लासगोचे आहेत. त्यांच्या ‘घराण्याचे मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) चौकटीत बसवून देणारी एक कंपनी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला ते द्यावे का?

देऊ नये. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह आडनावाला नव्हे तर एका व्यक्तीला मिळते, १६७२ च्या कायद्यानुसार त्याची नोंद लॉर्ड लायन, म्हणजे तिथले मानचिन्हांचे अधिकारी, यांच्या दरबारी असते आणि केवळ आडनाव जुळते म्हणून ते आपले म्हणून मिरवणे तिथे बेकायदा ठरते. आडनाव टाकले की चिन्ह छापून देणारे हे दुकानदार कोणाचीही वंशावळ तपासत नाहीत. खरोखरच हक्क असावा असे जावयांना वाटत असेल, तर त्यांनी लायन कार्यालयाकडे विचारणा करावी.

प्रश्न : आडनावाच्या सुरुवातीला ‘मॅक’ (Mac) लिहिणारे स्कॉटिश आणि ‘मक’ (Mc) लिहिणारे आयरिश, हे खरे का?

नाही. एकाच माणसाचे नाव दोन नोंदवह्यांत दोन प्रकारे लिहिलेले आढळते.

प्रश्न : नातवाला त्याच्या स्कॉटिश आजोळची वंशावळ हवी आहे. सुरुवात कोठून करावी?

नातवाच्या स्वतःच्या जन्मदाखल्यापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, असतात. त्यामुळे १८६० मध्ये वारलेल्या वृद्धेच्या एका नोंदीतून अठराव्या शतकातील दांपत्य हाती लागू शकते. मात्र ही माहिती मृत व्यक्तीने नव्हे, नोंद करायला आलेल्या नातलगाने दिलेली असते, आणि सासऱ्याच्या आईचे माहेर जावयाला ठाऊक असतेच असे नाही. १८५५ च्या आधी चर्चच्या नोंदवह्यांवर अवलंबून राहावे लागते. त्यातली सर्वांत जुनी पर्थशायरमधील एरल या गावची, १५५३ पासूनची आहे, पण सर्वत्र तसे भाग्य नाही. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदींच्या प्रतिमा शुल्क भरून पाहता येतात. जुने हस्ताक्षर लागत नसेल तर अंदाज न बांधता जाणकाराला दाखवावे.

प्रश्न : माझ्या आयरिश सासूबाई म्हणतात की १९२२ च्या आगीत सगळे जळाले, आता शोधण्यात अर्थ नाही. खरे आहे का?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झाले, हे खरे. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद, असंख्य मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. परंतु १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारने स्वतःच त्यापूर्वी नष्ट केल्या होत्या, तर १८८१ आणि १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा झाला. त्यांचे खापर आगीवर फोडणे हा निव्वळ आळस आहे.

शिवाय जे कधी त्या इमारतीत नव्हतेच, ते जळणार कसे? कॅथलिक नोंदवह्या आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, होत्या. त्यांतील साधारण १८८० पर्यंतच्या वह्या आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून विनामूल्य खुल्या केल्या आहेत, तशाच १९०१ आणि १९११ च्या जनगणनाही विनामूल्य पाहता येतात. सरकारी नोंदणी १८६४ पासूनची आहे, बिगर-कॅथलिक विवाहांची तर १८४५ पासूनची. त्याआधीच्या काळासाठी १८४७ ते १८६४ दरम्यानची ग्रिफिथ यांची मूल्यांकन-पाहणी आहे. तीत कुटुंब नाही, जमीन किंवा घर ज्याच्या ताब्यात होते त्याचे आणि ज्याच्याकडून ते घेतले होते त्याचे नाव मिळते.

खरी अडचण आगीची नसून गावाची आहे. ‘पणजोबा कॉर्कचे होते’ एवढ्यावर काही होत नाही. पॅरिश, आणि शक्य तर टाउनलँड, म्हणजे आपल्या शिवारासारखा जमिनीचा लहानात लहान घटक, कळायला हवा. ते नसेल तर एकाच जिल्ह्यातले एकाच नावाचे दहा जण समोर येतात आणि लोक त्यांतला सोयीचा उचलून आंतरजालावरील वंशवृक्षात चिकटवतात, मग तोच पुढचे शंभर जण उतरवून घेतात. वयावरही विसंबू नये : १९०१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये बहात्तरचा झालेला दिसतो, कारण मधल्या काळात, १९०९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले होते आणि जन्मदाखला बहुतेकांकडे नव्हताच. सासूबाईंनी आयर्लंडमधील मान्यताप्राप्त वंशावळ-संशोधकाशी एकदा बोलावे. पण त्याआधी घरातली जुनी पत्रे, बायबलची पहिली पाने आणि फोटोंच्या मागच्या बाजू तुम्ही पाहा, आणि त्यांना आठवते आहे तोवर, याच आठवड्यात पाहा.

प्रश्न : डीएनए चाचणीत मी ‘२३ टक्के आयरिश’ निघालो. मागच्या वर्षी ३१ टक्के होतो!

तुमचे पूर्वज बदललेले नाहीत, कंपनीचे तुलनेचे नमुने बदलले आहेत. अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत, आणि पश्चिम स्कॉटलंड यांच्यात शतकानुशतके ये-जा असल्याने ती सीमा टक्केवारीने आखता येत नाही. उपयोग आहे तो तुमच्याशी जुळणाऱ्या नातलगांच्या यादीचा. त्यांना लिहिण्यापूर्वी मात्र घरच्यांशी बोलून घ्या, कारण अशा यादीतून अनपेक्षित नाती बाहेर येतात.

प्रश्न : आमचे पणजोबा आयरिश शिपाई होते, पुढे इगतपुरीला रेल्वेत लागले. त्यांच्यामुळे मला आयरिश नागरिकत्व मिळेल का?

शोध आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती आहेत. ते ब्रिटिश सैन्यातून निवृत्तिवेतन घेऊन सुटले असतील, तर लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्यांच्या सेवामुक्तीच्या कागदावर जन्मपॅरिश लिहिलेला असण्याची चांगली शक्यता आहे. हक्काचे म्हणाल, तर आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंड बेटावर जन्मले असेल तर आयर्लंडच्या परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालता येते. पणजोबांच्या बाबतीत सामान्यतः तुमच्या जन्माआधीच तुमच्या आईची किंवा वडिलांची नोंद त्या वहीत झालेली असावी लागते. ‘खात्रीने करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी आयरिश दूतावासाकडे विचारणा करा आणि वकिलाचा सल्ला घ्या.