बारावीनंतर मिडवाइफ कसं व्हायचं आणि तिचं नेमकं काम काय असतं?

आधी एक गैरसमज काढा, मिडवाइफ म्हणजे आजीच्या गोष्टीतली सुईणबाई नाही. ती अनुभवाने शिकलेली असायची, ही शिकून, परीक्षा देऊन, नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवून काम करते.

सोपा रस्ता एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहाय्यक नर्स-मिडवाइफचा कोर्स), बारावी कुठल्याही शाखेची चालते, दोन वर्षं, पण फक्त मुलींसाठी. पुढे उपकेंद्रावर ज्या सिस्टर लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी बघतात ना, त्या ह्याच. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार, बीएस्सीला मात्र सायन्स लागतं. या दोन्हींपैकी कुठलंही एक केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी होते. आणि खरंच बाळंतपणातच करिअर करायचं असेल तर २०१८ मध्ये केंद्राने आणलेला नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा १८ महिन्यांचा कोर्स आहे, तो जीएनएम किंवा बीएस्सीनंतरचा, त्यामुळे माझं मत विचाराल तर एएनएमवर थांबू नका.

काम म्हणाल तर नुसतं बाळ झेलणं नाही हो. कळा सुरू झाल्या की तासन्‌तास बाईजवळ थांबायचं, पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या ते मोजायचं, बाळाचे ठोके ऐकायचे (मिनिटाला ११० ते १६० नॉर्मल), सगळं पार्टोग्राफवर (बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारा आलेख) मांडायचं आणि रेघ भलतीकडे जायला लागली की वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवायचं. सिझेरियन आपण करत नाही. नाइट ड्युटीची तयारी ठेवा, बाळं घड्याळ बघून येत नाहीत 😄