सेंट थॉमसला अर्ध्या दिवसाची यॉट घेताय तर
तुमची क्रूझ कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस या अमेरिकन बेटावर थांबणार असेल आणि तिथे अर्ध्या दिवसासाठी यॉट भाड्याने घ्यायची असेल, तर आधी हे बघा की बोट नेमकी सुटते कुठून, कारण बऱ्याच बोटी बेटाच्या पूर्व टोकाच्या रेड हुकहून निघतात आणि जहाज लागतं हॅवनसाइट किंवा क्राउन बे या धक्क्यांना, मधला घाटरस्ता ट्रॅफिकमध्ये आरामात अर्धा तास खातो. जहाजाच्या जवळून पिकअप देणारा मिळाला तर थोडे जास्त गेले तरी चालतील.

अर्ध्या दिवसात शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा नाद नको. कस्टम्स, पासपोर्ट यातच वेळ जातो. ख्रिसमस कोव्ह ही छोटी खाडी आणि शेजारच्या सेंट जॉन बेटावरचा हनिमून बीच एवढं भरपूर झालं, आणि सीझनमध्ये कोव्हमध्ये पिझ्झा करून देणारी बोट उभी असते, शाकाहारी मंडळींची सोय होते.

माणसं किती ते आधीच खरं सांगा हो, तिथे अमेरिकन नियम चालतात आणि कॅप्टनसकट भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या बोटींना सहाच प्रवासी चालतात. "लहान मूल मांडीवर घेऊ" हे आपलं एसटीतलं गणित तिथे चालत नाही, मूलही मोजलं जातं.

कोटेशनमध्ये डिझेल, स्नॉर्केलचं (पाण्याखाली बघत पोहण्याचं) सामान, ड्रिंक्स धरलीयेत का विचारा, टिप पंधरा-वीस टक्के वेगळी. सनस्क्रीन मिनरलवालं (झिंक ऑक्साइड वगैरे असलेलं) घ्या, ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं तिथे 2020 पासून बंद आहे. जाताना वारा समोरून येतो, बोट आपटते, उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, नंतर घेऊन काही उपयोग नाही. आणि चपला बोटीवर चढतानाच काढून टोपलीत जातात, तेव्हा बूट-मोजे घालून जाऊ नका.