चौदा रकाने आणि एक कान

हौशी रेडिओसाठी (हॅम रेडिओसाठी) पहिला हातातला सेट कोणता घ्यावा याचा तुझा तक्ता मिळाला. नऊ सेट, चौदा रकाने, आणि खाली एकच ओळ: "काका, डोकं फिरलं, तुम्हीच एक नाव सांगा."

नाव सांगणार नाही. रुसू नकोस. आज नाव सांगितलं तर उद्या त्याच्या पुढे एक आकडा लावून नवं मॉडेल येतं आणि माझा सल्ला शिळा होतो. शिवाय तुझ्या चौदा रकान्यांत मला हवा तो रकानाच नाही. वॉट आहेत, मेमरी चॅनेल आहेत, स्क्रीनचे रंग आहेत, टॉर्चसुद्धा आहे. सेटला ऐकू किती येतं, ते कुठे लिहिलंयस?

कान बघ. पुढचं सगळं पत्र एवढंच आहे, तरी वाच.

आधी वॉटचं भूत उतरवू. 5 वॉटचा सेट की 8 वॉटचा, यावर तू अर्धं पान खर्च केलंयस. समोरच्याच्या रिसीव्हरवर त्याने 2 डेसिबलचा फरक पडतो. एस-मीटरची (सिग्नल किती जोरात येतो ते दाखवणाऱ्या मापकाची) एक पायरी चढायला 6 डेसिबल, म्हणजे चौपट ताकद लागते. म्हणजे तुझे जास्तीचे 3 वॉट पायरीचा तिसरा हिस्सा जेमतेम चढतात, आणि तेवढ्यासाठी बॅटरी लवकर बसते. दोन मीटर बँडवर, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपास, आडवं येतं ते क्षितिज. सपाट जमिनीवर उभं राहिलं की हातातल्या अँटेनाचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं, मग वॉट कितीही असोत. टेकडी चढलीस तर ते लांब सरकतं, आणि टेकडीला बॅटरी लागत नाही. 1983 साली ओवेन गॅरियट 'कोलंबिया' यानातून दोन मीटरच्या हँडहेल्डवर बोलला, अँटेना खिडकीला लावलेली. अंतराळातून बोललेला तो पहिला हौशी रेडिओवाला. त्याचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव) डब्ल्यू5एलएफएल ऐकायला खाली किती जण कान लावून बसले होते! त्याची ताकद होती उंचीत, आणि खालच्यांची कानात.

आता माझी गोष्ट. मी पहिला सेट घेतला तो त्यातल्या त्यात दांडगा. हातात वजनदार, आवाज खणखणीत. घरी आणल्यावर त्याला उंचावरची मोठी अँटेना जोडली आणि तो ठार बहिरा झाला. मोठ्या अँटेनातून आसपासच्या सगळ्या प्रक्षेपकांचा लोंढा आत शिरला आणि त्यात बारीक सिग्नल बुडाले. मला ते कळलं नाही. मला वाटलं, बँड शांत आहे. मी आपला हाका मारतोय, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा हाका मारतोय. उत्तर येत होतं. मला मोर्स शिकवणारे गृहस्थ अर्ध्या वॉटवरून मला बोलावत होते आणि मी दर वेळी त्यांच्या बोलण्यावर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबत होतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच एकाने सांगितलं. मी काय केलं? सेटला शिव्या घातल्या. सेट बहिरा होता हे खरंच आहे, मी उगाच सांगत नाही. पण बटणावरचं बोट माझं होतं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मी माफी मागायची ती राहूनच गेली.

म्हणून म्हणतो, कान बघ.

बघायचा कसा, ते सांगतो. ओळखीच्या दोघांकडून दोन सेट एका दुपारपुरते मागून घे. एकच अँटेना आलटून पालटून दोन्हींना लाव. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघड. दूरचा, खरखरीत कुठे शब्द कळतो असा एखादा स्टेशनवाला शोध. कोणत्या सेटवर त्याचा कॉलसाइन लिहून घेता येतो? मग मोठी अँटेना जोड आणि तोच माणूस परत ऐक. बऱ्याच स्वस्त सेटांत अख्खा रेडिओ एका चिपमध्ये बसवलेला असतो आणि अँटेना व चिप यांच्या मध्ये गाळणी फारशी नसते. सोबतच्या आखूड अँटेनावर तो बरा चालतो, कारण ती अँटेनाच फार काही आत येऊ देत नाही! चांगली अँटेना दिलीस की कान बसतात. जुन्या सुपरहेटरोडाइन (आलेला सिग्नल आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणून गाळणाऱ्या) सेटांना फिल्टर असतात, ते अशा गर्दीत तग धरतात. एकाच बँडचा, चारशे-पाचशे मेमरी नसलेला, कुणीतरी वापरून कंटाळलेला सेट मिळाला तर नाक मुरडू नकोस. माझ्या तसल्याच सेटला लोक हसतात. हसू देत.

स्वस्त सेट घेऊच नको असं मी म्हणतोय असं वाटलं असेल तर परत वाच. पैसे बेताचे आहेत, मला माहीत आहे. स्वस्तातला घे, पण चाचणी करून घे. आणि फक्त तुझाच कान मोजू नकोस, शेजाऱ्यांचेही मोज. 145 मेगाहर्ट्झवर बोलताना वाईट सेट 290 वर आणि 435 वरही घाण टाकतो, आणि 435 हा आपल्याच दुसऱ्या बँडचा भाग. स्पेक्ट्रम ॲनालायझर असलेला माणूस गाठ, पाच मिनिटांचं काम आहे.

वाचलेल्या पैशांत एक जास्तीची बॅटरी आणि पाव तरंगलांबीची, साधारण अर्ध्या मीटरची अँटेना घे. तेही नको असेल तर 49 सेंटिमीटर तार अँटेनाच्या बुडाशी, सेटच्या ग्राउंडला लावून खाली लोंबत सोड. दिसायला वेडगळ, पण आखूड अँटेनाला तिचा हरवलेला अर्धा भाग मिळतो आणि ऐकण्यातही फरक पडतो. केबल घेशील, चिर्प या संगणकावरच्या प्रोग्राममधून मेमरी भरशील, भर. पण रिपीटरचा (उंचावर बसून आपलं बोलणं पुढे पाठवणाऱ्या सेटचा) ऑफसेट, म्हणजे बोलायच्या आणि ऐकायच्या वारंवारतेतला फरक, आणि तो उघडणारा टोन एकदा तरी हाताने, बटणं दाबून घाल. डोंगरावर लॅपटॉप नसतो.

डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन या डिजिटल पद्धतींचा रकाना खोडून टाक. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही. पहिला सेट साधा एफएम.

आता तू विचारशील, की एवढं कळतं तर तुमच्या कपाटात सहा सेट कशाला? तीन कानासाठी घेतले. उरलेल्या तिघांबद्दल तुझ्या काकूनेही विचारलं होतं, तिलाही समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. पण चुकीचे सेट घेतल्याशिवाय हे पत्र तरी कुठून लिहिलं असतं? असो.

कॉलसाइन येईपर्यंत सेट हाती आलाच तर 145.800 लावून ठेव. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा कधी कधी तिथे माणसाचा आवाज येतो. एक फेरी जेमतेम दहा मिनिटांची. काही दिवस नुसती खरखर ऐकशील, कंटाळशील, पुन्हा लावशील. रिपीटरवरचं संध्याकाळचं नेट, म्हणजे ठरलेल्या वेळेची सगळ्यांची बैठक, तेही ऐक. कोण कुणाला मध्ये तोडतो, कोण बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलतो, वहीत लिही. तक्त्यापेक्षा ती वही मला दाखव.

कॉलसाइन आला की कळव. पहिली हाक मी मारेन, रिपीटर न वापरता, सरळ, आणि सेट सगळ्यात कमी पॉवरवर ठेवून. ऐकू आलं तर लगेच बोलू नकोस. मी दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत थांब.

73 (म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा)