बेळगाव-खानापूरहून म्हैसूरला जाताना तेथील जुने प्राणिसंग्रहालय पाहावे का, आणि त्यासाठी किती वेळ ठेवावा?

अवश्य पाहावे, मात्र मंगळवारी ते सहसा बंद असते, त्यामुळे बेत आखताना तेवढा वार टाळावा. महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेले हे प्राणिसंग्रहालय देशातील सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक असून आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्याकडून बहुतेक कुटुंबे रात्रीच्या गाडीने जातात आणि पोहोचताच राजवाडा गाठतात. माझ्या मते क्रम उलटा असावा, कारण सकाळच्या गारव्यात प्राणी हिंडताना दिसतात, तर दुपारी वाघ-बिबटे सावलीत झोपून राहतात आणि चालून थकलेली मुलेही कंटाळतात. किमान तीन तास हाताशी ठेवावेत. बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीचे प्राणिसंग्रहालय पाहिलेल्या मुलांना वाघ-सिंह नवे नसतील, परंतु जिराफ आणि २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेले गोरिला त्यांना आवर्जून दाखवावेत. शेजारीच कारंजी तलाव आहे; पक्षी पाहण्याची आवड असल्यास तेथेही जावे.

प्राण्यांना खाऊ मुळीच देऊ नये. त्यांच्यासाठी काही करण्याची मनापासून इच्छा असेल, तर तेथील दत्तक योजनेत ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या पालनपोषणाला हातभार लावता येतो.