इंडियाना की पर्ड्यू? आधी पत्र नीट वाचा

मार्च संपत आला की मुलांना अमेरिकेत पदवीला पाठवण्यासाठी माझ्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, दोन्हीकडे ॲडमिशन मिळालंय. दोन्ही स्टेट युनिव्हर्सिटी, दोन्ही मोठ्या, दोन्हीकडे बिझनेस. मग ज्याची रँक वर ते घ्यायचं ना?’ या प्रश्नाला मी कधीच थेट हो किंवा नाही म्हणत नाही. मी दोन्ही ॲडमिशन लेटर मागते. रँकचा तक्ता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो, पण पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं घर क्वचितच भेटतं.

2024 च्या एप्रिलमधली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी पुण्याची, बारावी कॉमर्स, गणित घेतलेलं. वडिलांचं भोसरीत मशीनिंगचं वर्कशॉप, आई त्याच वर्कशॉपचे हिशेब सांभाळते. पोरीचं बालपण डिलिव्हरी चलन, रिजेक्शन आणि ‘माल अजून का पोचला नाही’ या फोनांत गेलेलं. तिला इंडियाना युनिव्हर्सिटी आणि पर्ड्यू, दोन्हीकडून होकार आला होता. दोन्ही विद्यापीठं एकाच इंडियाना राज्यातली. इंडियानाचा ब्लूमिंग्टन कॅम्पस इंडियानापोलिसच्या दक्षिणेला, पर्ड्यू वेस्ट लाफायेटला, म्हणजे वायव्येला. पहिलं 1820 सालचं, दुसरं 1869 चं. खेळाच्या मैदानावर दोघांचं जुनं वैर.

घरात कौल जवळपास लागलेला होता. न्यू जर्सीतल्या आतेभावाने सांगितलं होतं, ‘मामा, केली म्हणजे ब्रँड आहे, डोळे झाकून घ्या.’ आतेभाऊ चुकीचं बोलत नव्हता. इंडियानाचं केली स्कूल ऑफ बिझनेस 1920 पासूनचं आहे आणि पदवीच्या पातळीवर अमेरिकेतल्या अगदी वरच्या नावांत धरलं जातं. पर्ड्यूचं बिझनेस स्कूल क्रमवारीत त्याच्या बरंच खाली. तिथे नावाचाही गोंधळ होता: जुन्या लोकांना ते क्रॅनर्ट म्हणून माहीत, पण 2023 मध्ये त्याचं नाव मिच डॅनियल्स यांच्यावरून ठेवलं गेलं. हे आधी इंडियाना राज्याचे गव्हर्नर होते, मग पर्ड्यूचे अध्यक्ष. वडिलांना वाटलं, हे काहीतरी नवंच कॉलेज दिसतंय.

मी मुलीला म्हटलं, ‘इंडियानाचं पत्र मोठ्याने वाच.’ अभिनंदनाचा पहिला परिच्छेद तिला पाठच होता. दुसऱ्या परिच्छेदात ती अडखळली. प्रवेश इंडियाना युनिव्हर्सिटीत होता. केलीत थेट प्रवेश मिळालेला नव्हता.

हा फरक आपल्याकडच्या पालकांना पटकन लक्षात येत नाही, कारण आपण कॉलेज आणि कोर्स एकत्रच घेतो. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत विद्यापीठात येणं वेगळं आणि बिझनेस स्कूलमध्ये शिरणं वेगळं. केलीत काही मुलांना बारावीनंतरच थेट घेतात. बाकीच्यांनी आधी विद्यापीठात यायचं, अकाउंटिंग, गणित, कॉम्प्युटर, प्रेझेंटेशन, लेखन असे ठरलेले विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण करायचे आणि मग केलीसाठी अर्ज करायचा. मिळेलच याची हमी नाही. पर्ड्यूच्या पत्रात मात्र स्कूलचं नाव आणि विषय दोन्ही स्पष्ट लिहिलेले होते.

आई पहिल्यांदा बोलली. ‘म्हणजे आपण ज्या नावासाठी पैसे भरणार, ते नाव अजून हातात नाहीये?’

वडिलांना ते पटेना. ‘पोरगी हुशार आहे, मिळवेल की.’ मिळवेलही, यात मला शंका नव्हती. पण परदेशातलं पहिलं वर्ष कसं असतं ते मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकते. नवं जेवण, नवी भाषेची लय, रात्री दोनला लागणारी घरची आठवण. त्यात प्रत्येक पेपरवर पुढचा प्रवेश टांगलेला असेल तर मूल शिकत नाही, ग्रेड वाचवत बसतं. अवघड पण कामाचा विषय टाळतं. शिवाय वेळेचा हिशेब असतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँका तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती दुसऱ्या वर्षातच उरकायला लागल्या आहेत. केलीचं इन्व्हेस्टमेंट बँकिंग वर्कशॉप नावाजलेलं आहे, पण तिथेही निवड होते. उशिरा आत आलेल्याला ही गाडी धावत पकडावी लागते.

मग मी मुलीला विचारलं, तुला बँकिंग करायचंय का? ती लगेच म्हणाली, ‘नाही. मला बाबांच्या ऑर्डर वेळेवर का जात नाहीत ते शोधायचंय.’ वडील चमकून तिच्याकडे बघत राहिले. सप्लाय चेन, म्हणजे कच्च्या मालापासून गिऱ्हाईकापर्यंतची साखळी, हा शब्द तिला माहीत होता, पण घरात कुणी तो करिअर म्हणून उच्चारला नव्हता.

इथे पर्ड्यूचं पारडं माझ्या मते जड होतं. पर्ड्यू मुख्यतः इंजिनिअरिंगसाठी ओळखलं जाणारं विद्यापीठ. तिथलं बिझनेसचं शिक्षण आकडेमोड, ऑपरेशन्स आणि उत्पादन यांच्याकडे झुकलेलं आहे. उत्पादन व्यवस्थापनासाठी तिथे डाउच सेंटर हे वेगळं केंद्रच आहे. नदीपलीकडच्या लाफायेटमध्ये सुबारूचा मोटारींचा कारखाना आहे, कॅटरपिलरचा इंजिनांचा आहे. हे ऐकून वडील खुर्चीत पुढे सरकले. कमिन्सचं मुख्यालयही याच राज्यातल्या कोलंबस गावी आहे, हे सांगितल्यावर तर ते म्हणाले, ‘आपल्या कोथरूडची कमिन्स? तिचा माल मी केलाय, मॅडम!’ त्या क्षणापासून इंडियाना राज्य त्यांच्यासाठी अनोळखी राहिलं नाही. कोलंबस पर्ड्यूपेक्षा ब्लूमिंग्टनला जास्त जवळ आहे, हेही मी त्यांना आवर्जून सांगितलं. एकाच बाजूचे मुद्दे समोर ठेवून मी कुणाचा निर्णय होऊ देत नाही.

पैशाचं बोलणं शेवटी निघालं, खरं तर ते आधी निघायला हवं. ‘स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सरकारी, म्हणजे स्वस्त’ हा समज काढून टाका. सवलत त्या राज्याच्या रहिवाशांना असते. आपल्या मुलांना बाहेरच्यांचा दर लागतो, आणि काही ठिकाणी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना वर आणखी शुल्क. त्या वर्षी ब्लूमिंग्टनची बाहेरच्यांसाठीची ट्यूशन वर्षाला 40,000 डॉलरच्या आसपास होती, पर्ड्यूची 30,000 च्या. पर्ड्यूने राज्यातल्या मुलांची ट्यूशन 2013 पासून वाढवलेली नाही आणि बाहेरच्यांचीही फारशी हललेली नव्हती. चार वर्षांचा फरक तेव्हाच्या 83 रुपयांच्या दराने तीस लाखांच्या वर जात होता. आईने तो आकडा आपल्या वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, ‘यात रुपया घसरला तर?’ मी म्हटलं, तर कर्जाचा हप्ता वाढेल, आणि तारण वर्कशॉपचंच आहे.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा फार थोडे पालक विचारतात. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर 12 महिन्यांचा ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, मिळते. पदवी स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या यादीत असेल तर आणखी 24 महिने. साधं अकाउंटिंग किंवा फायनान्स त्या यादीत बसत नाही, मॅनेजमेंट सायन्ससारखे आकडेमोडीचे विषय बसतात. हे कॉलेजच्या नावावर ठरत नाही, आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, छापलेल्या विषयाच्या सीआयपी कोडवर ठरतं. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसाच्या वर्षाला 65,000 जागा, आणि वरच्या 20,000 अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी. म्हणजे नुसत्या पदवीवाल्याला त्या जास्तीच्या 20,000 चा उपयोग नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला एका वर्षाऐवजी तीन वर्षं हातात असणं किती महत्त्वाचं, ते सांगायला नको. मी मुलीला दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल लिहायला लावला: माझ्या विषयाचा सीआयपी कोड काय? आणि मी स्वतः लिहिला नाही, तिलाच लिहायला लावला. चार वर्षं असे ईमेल तिलाच लिहायचे आहेत.

तिने आणखी एक काम केलं, जे मी प्रत्येकाला सांगते. दोन्ही विद्यापीठांतल्या दुसऱ्या वर्षाच्या भारतीय मुलांशी फोनवर बोलली. कॅम्पस कसा आहे हे विचारलं नाही. करिअर फेअरमध्ये आपल्या व्हिसावाल्यांशी किती कंपन्या बोलतात, आणि कुठल्या विषयाला, हे विचारलं. ब्लूमिंग्टनच्या मुलाने मोकळेपणाने सांगितलं की थेट प्रवेश नसेल तर पहिलं वर्ष जिवाला घोर असतो.

यावरून कुणी ‘मॅडम केलीच्या विरोधात आहेत’ असं समजू नये. त्याच महिन्यात एका मुलाला मी केलीच घे म्हणून सांगितलं. त्याला थेट प्रवेश होता, फायनान्सचं वेड होतं, घरी कर्ज काढायची गरज नव्हती. तिसऱ्या वर्षी फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स असे विषय एकत्र बांधून शिकवणारा तिथला आय-कोर त्याच्यासारख्या मुलाला घडवतो.

आतेभावाला समजवायचं काम मुलीने स्वतः केलं. ‘दादा, तू सांगतोस ते केली मला मिळालेलंच नाहीये,’ एवढंच ती म्हणाली आणि त्याला पत्राचा तो परिच्छेद पाठवला. 1 मेच्या आत तिने पर्ड्यूची फी भरली. वडिलांचा एकच आग्रह होता, सुट्टीत आली की वर्कशॉपच्या डिस्पॅचचं रजिस्टर तिने बघायचं. तिने ते जायच्या आधीच, जूनमध्ये, एक्सेलमध्ये उतरवायला घेतलं.